मार्क उत्तम आहेत, मग हा फॉर्म कशासाठी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. दीड वर्षापूर्वी तुम्ही पुण्याहून न्यू जर्सीला आलात. मुलगी सातवीत आहे आणि तिला सगळ्या विषयांत ए आहे. नॅशनल ज्युनिअर ऑनर सोसायटी या शाळकरी मुलांच्या सन्मान-संस्थेसाठी ती पात्र ठरल्याचं पत्र शाळेतून आलंय. सोबतचा चार पानी फॉर्म दोन आठवड्यांत भरून द्यायचाय. त्यातले सेवा, नेतृत्व, चारित्र्य, नागरिकत्व असे भाग बघून मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्याकडे लिहायला काहीच नाही." ती अबोल आहे. मार्क इतके चांगले असताना आणखी काय सिद्ध करायचं आणि दोन आठवड्यांत काय करता येईल, असं तुम्ही विचारताय.

मी इथल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये सतरा वर्षं गणित शिकवते. त्यातली सहा वर्षं या सोसायटीच्या निवड समितीत होते आणि गेली पाच वर्षं आमच्या शाळेच्या चॅप्टरची, म्हणजे सोसायटीच्या शाळेतल्या शाखेची, ॲडव्हायझर (काम बघणारी शिक्षिका) आहे. तुमच्या शाळेचे नियम माझ्यासमोर नाहीत. म्हणून कुठला नियम सगळीकडे सारखा असतो आणि कुठला शाळेगणिक बदलतो, ते सांगत पुढे जाते.

खरा पेच 'पात्र' या शब्दात आहे. तुम्ही-आम्ही चौथीच्या, सातवीच्या स्कॉलरशिपला बसलेली माणसं. पेपर दिला, मार्क पडले, यादी लागली, नाव असलं की पेढे वाटले. त्यामुळे 'पात्र' वाचलं की आपल्या कानाला 'निवड झाली' असं ऐकू येतं. इथे पात्र म्हणजे फक्त अर्ज करायला मोकळीक. निवड त्यानंतर सुरू होते, आणि त्या टप्प्यावर मार्क जवळजवळ बोलतच नाहीत, कारण पत्र मिळालेल्या प्रत्येकच मुलाचे मार्क चांगले असतात.

हे असं का, ते संस्थेच्या जन्मात आहे. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९२१ साली हायस्कूलसाठी नॅशनल ऑनर सोसायटी काढली आणि १९२९ साली लहान मुलांसाठी ही ज्युनिअर. केवळ हुशारीला नव्हे तर शाळेला दिसलेल्या मुलाला मान द्यायचा, हा हेतू. ज्युनिअरचे पाच खांब मानतात: विद्वत्ता, सेवा, नेतृत्व, चारित्र्य आणि नागरिकत्व. मार्कांनी यातला पहिलाच उभा राहतो. राष्ट्रीय नियमानुसार त्यासाठी किमान ८५ टक्के, किंवा बी, किंवा चारपैकी ३.० जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी, लागतो. शाळेला ही रेघ वर नेता येते, खाली आणता येत नाही. बऱ्याच शाळा ती ३.५ किंवा त्याहूनही वर ठेवतात. त्या शाळेत किमान एक सत्र झालेलं असावं लागतं, आणि सहावीतल्या मुलांना दुसऱ्या सत्रापासून घेता येतं. तुमच्या मुलीचं दीड वर्ष झालंय, तेव्हा या बाबतीत काही अडचण नाही.

निवड कोण करतं? मुख्याध्यापकांनी नेमलेले पाच शिक्षक. त्याला फॅकल्टी कौन्सिल म्हणतात. बहुमतानं ठरतं. माझ्यासारखी ॲडव्हायझर बैठकीला असते, कागद पुरवते, पण तिला मत नसतं. हे सांगायचं कारण असं की दरवर्षी पालकांचे मला फोन येतात, "मॅडम, आपली मुलगी आहे, जरा बघा." मी बघू शकत नाही, आणि बघू नये अशीच ही रचना आहे.

आता बैठकीत प्रत्यक्ष काय होतं ते सांगते, कारण फॉर्म कसा भरायचा हे त्यावरूनच कळतं. आमच्याकडे एका दुपारी पन्नासेक फॉर्म टेबलावर असतात. पाचही जण प्रत्येक फॉर्म वाचतात. सोबत इतर शिक्षकांनी त्या मुलाबद्दल लिहिलेल्या नोंदी असतात. तीस-चाळीस फॉर्म वाचून झाले की शब्द एकमेकांसारखे दिसायला लागतात: मदत केली, सहभाग घेतला, खूप शिकायला मिळालं. डोळा थांबतो तो एखाद्या खऱ्या तपशिलापाशी.

एका मुलाच्या फॉर्मवर सेवेचे बासष्ट तास होते. आमची अट वीसची. बासष्ट तासांत तेरा ठिकाणं, प्रत्येकासमोर 'मदत केली', आणि बहुतेक सह्या एकाच पेनानं केलेल्या, कुटुंबाच्या ओळखीतल्या एका बाईंच्या. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. आईवडील फार दुखावले आणि मला त्यांचं दुःख कळत होतं, कारण प्रत्येक शनिवारी त्यांनी त्याला गाडीनं कुठे ना कुठे नेलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं एकच जागा धरली, गावातली फूड पॅन्ट्री, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणारं केंद्र. आठवीत त्यानं फॉर्ममध्ये लिहिलं की अन्नाच्या डब्यांचे दोन प्रकार असतात, रिंग ओढून उघडणारे आणि ओपनर लागणारे. मोटेलच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांकडे ओपनर नसतो. म्हणून त्यानं तिथल्या काकांना विचारून रिंगवाल्या डब्यांचं वेगळं खोकं केलं, त्यावर मार्करनं लिहिलं, आणि दर शनिवारी ते भरलं की नाही ते बघायला लागला. एकूण तास चोवीस. समितीला चर्चा करावी लागली नाही.

राष्ट्रीय पातळीवर तासांचा ठरावीक आकडा नाही, तो प्रत्येक चॅप्टर ठरवतो. तुमच्या शाळेनं आकडा दिला असेल तर तो पुरा हवाच, त्यात सवलत मागू नका. पण आकडा पुरा झाल्यावर वरचे तास गोळा करण्यात जीव घालू नका. सेवा म्हणजे मोबदला न घेता घराबाहेरच्या माणसासाठी केलेलं काम. धाकट्या भावाला सांभाळणं हे चांगलंच, पण ते इथे धरत नाहीत. मराठी शाळेत लहान मुलांच्या वर्गात बाईंना मदत, मंडळाच्या गणपतीत खुर्च्या मांडणं, जेवण वाढणं, नंतर हॉल झाडून देणं, हे आमच्याकडे धरतो. सही मात्र कामावर देखरेख करणाऱ्या माणसाची लागते, आईवडिलांची चालत नाही. काही शाळा धार्मिक कार्यक्रमातलं काम मोजत नाहीत, काही मोजतात, म्हणून गणपतीचे तास लिहिण्याआधी ॲडव्हायझरला एका ओळीचा ईमेल करून मुलीनंच विचारावं.

नागरिकत्वाच्या भागाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आपल्या लोकांमध्ये हा गैरसमज मी इतक्यांदा पाहिलाय की सांगून टाकते. एका आईनं तो भाग कोराच ठेवला होता. का, तर "आम्ही अजून एच-४ वर आहोत ना." म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर. या रकान्याचा पासपोर्टशी, व्हिसाशी काहीही संबंध नाही. शाळा, गल्ली, गाव यांच्या कारभारात मूल किती लक्ष घालतं, सार्वजनिक गोष्ट आपली मानतं का, एवढंच तिथे विचारलेलं असतं. भारतातून आलेल्या मुलीकडे इथे लिहिण्यासारखं उलट जास्त असतं. नव्या मुलाला लंच लाइन कशी असते ते दाखवणं, मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या आजीआजोबांना शाळेच्या ऑफिसात दुभाषी म्हणून मदत करणं, हे सगळं इथलंच.

आता नेतृत्व. तुमची खरी काळजी ही आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

अबोल मुलं हा रकाना बघून घाबरतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे स्टुडंट कौन्सिलचा अध्यक्ष, टीमचा कॅप्टन, माइक हातात घेतलेला कुणीतरी येतो. पदं असतील तर लिहावीतच. पण समिती पद बघत नाही, पुढाकार बघते. आणि पुढाकाराला आवाज लागत नाही.

माझ्या वर्गात कॅल्क्युलेटर ठेवायला भिंतीवर एक कापडी तक्ता आहे, त्याला तीस खिसे आणि प्रत्येकाला नंबर. तास संपताना मुलं घाईत कुठेही कोंबून पळतात. एका वर्षी तिसऱ्या तासाला एक मुलगी होती, वर्षभरात स्वतःहून दहा वाक्यंही बोलली नसेल. ऑक्टोबरात माझ्या लक्षात आलं की तिसऱ्या तासानंतर तक्ता कायम नीट असतो. मग मी मुद्दाम बघितलं. घंटा व्हायच्या चार मिनिटं आधी ती उठायची, बोटानं खिसे मोजायची, एकविसाव्यात सतरावा असला तर जागेवर ठेवायची. एकदा दोन कमी भरले. तिनं वर्गात ओरडून विचारलं नाही. दोन मुलांच्या बाकापाशी जाऊन हळूच काहीतरी बोलली, दोन्ही कॅल्क्युलेटर परत आले आणि कुणाचीच मान खाली गेली नाही. जानेवारीत पाहिलं तर प्रत्येक रांगेतलं एक मूल आपापल्या रांगेचे कॅल्क्युलेटर गोळा करून तिच्याकडे देत होतं. ही पद्धत तिनं बसवली होती, मला न सांगता.

तिनं फॉर्ममध्ये नेतृत्वाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काही नाही'. मी त्यावर काही करू शकत नव्हते, मुलांच्या वतीनं लिहायची मला मुभा नाही. पण फॉर्म परत देताना सगळ्यांनाच सांगते तसं तिलाही सांगितलं, "तू नसतीस तर शाळेत कुठली गोष्ट बिघडली असती, याचा विचार कर आणि हा भाग पुन्हा लिही." तिनं चार वाक्यं लिहिली, कॅल्क्युलेटरवरच. समितीतले इंग्रजीचे शिक्षक ती वाचून म्हणाले, हे पन्नासातलं एकमेव नेतृत्व आहे ज्यात पुढारी कोण ते कुणाला कळलंच नाही. तिची निवड झाली.

म्हणून तुमच्या मुलीला 'तू काय काय केलंस' असं विचारू नका. त्या प्रश्नाला तिचं उत्तर 'काही नाही' हेच येणार. तू आठवडाभर शाळेत गेली नाहीस तर कुणाला जाणवेल आणि कशामुळे, असं विचारा. दीड वर्षापूर्वी परक्या देशातल्या शाळेत येऊन ती सगळ्या विषयांत ए मिळवते, म्हणजे आजूबाजूला काय चाललंय हे ती बारकाईनं बघणारी आहे. अशी मुलं नक्की काहीतरी सांभाळत असतात, फक्त त्याला नाव देत नाहीत.

चारित्र्याच्या भागात लिहायला कमी असतं, कारण तो मुख्यतः शिक्षकांच्या नोंदींवर ठरतो. नक्कल केली का, गृहपाठ वेळेवर येतो का, सबस्टिट्यूट शिक्षक असताना कशी वागते, बसमध्ये कशी असते. एखादी जुनी चूक झाली असेल तर लपवू नका. समितीकडे शिस्तीची नोंद असते. सहावीत क्विझमध्ये शेजारचं बघितलं म्हणून पकडली गेलेली एक मुलगी आमच्याकडे आली होती. तिनं फॉर्ममध्ये तो प्रसंग स्वतःहून लिहिला, आणि त्यानंतर तिनं काय बदललं तेही लिहिलं. समितीत बराच वेळ बोलणं झालं आणि शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी तिला घेतलं. दुसरी एखादी समिती कदाचित घेणार नाही. पण लपवलेलं सापडलं असतं तर आमच्या पाचातल्या एकानंही हात वर केला नसता.

आणि एक विनंती, हात जोडून. फॉर्म तुम्ही लिहू नका. तुमचं इंग्रजी तिच्यापेक्षा सफाईदार असेल, ऑफिसात तुम्ही रोज ईमेल लिहीत असाल, दोन आठवडे कमी वाटत असतील, सगळं मान्य. पण आम्ही त्या मुलांची वही रोज तपासतो. बारा वर्षांच्या मुलीचं वाक्य कसं असतं ते आम्हाला ओळखू येतं, तसंच चाळिशीतल्या माणसाचं वाक्य किंवा कॉम्प्युटरनं लिहून दिलेलं वाक्यही. मोठ्यांनी लिहिलेला फॉर्म समोर आला की पहिला तडा चारित्र्याच्याच खांबाला जातो, आणि त्यात मुलीची काही चूक नसते. तुम्ही स्पेलिंग बघा, तारखा बघा, सह्या राहिल्यात का बघा. वाक्यं तिची असू द्या, ओबडधोबड असली तरी.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मार्कांचं काम झालंय, तासांचा आकडा शाळेचा पाळा, प्रत्येक भागात एकच गोष्ट तपशिलानं लिहू द्या, सही घराबाहेरच्या माणसाची, हस्ताक्षर आणि शब्द मुलीचे.

निवड झाली नाही तर? ही शक्यता धरून चला, तिच्याशीही आधीच बोला. सभासदत्व हा मुलाचा हक्क मानलेला नाही, समितीची चर्चा गोपनीय असते आणि कोण काय बोललं हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. पण ॲडव्हायझरची वेळ मागून, कुठला खांब कमी पडला आणि पुढच्या वेळेस काय दाखवता येईल, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. निवडीची पद्धत शाळेनं लिखित स्वरूपात जाहीर केलेली असली पाहिजे, ती मागून घ्या. पद्धत पाळली गेली नाही असं वाटलं तर मुख्याध्यापकांकडे दाद मागता येते. राष्ट्रीय कार्यालयाला पत्र लिहून उपयोग नाही, एकेका मुलाच्या निवडीत ते पडत नाहीत. आणि भेटीला मुलीलाही न्या. माझ्यासमोर बसून मुलानं स्वतः विचारलेला प्रश्न मला वर्षभर लक्षात राहतो.

कॉलेजला याचा किती उपयोग, असं तुम्ही शेवटी विचारलंय. सरळ सांगते: मिडल स्कूलमधल्या सभासदत्वाचा थेट उपयोग नाही. कॉलेजचे अर्ज नववी ते बारावीची नोंद मागतात. हायस्कूलच्या सोसायटीतही हे सभासदत्व आपोआप पुढे जात नाही, तिथे नव्यानं निवड होते. तरीही मी या कामात इतकी वर्षं आहे, ते या फॉर्ममुळे मुलांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या वागण्याकडे बाहेरून बघावं लागतं म्हणून. ती कॅल्क्युलेटरवाली मुलगी चार वाक्यं लिहून माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. आपण काहीतरी करत होतो हे तिला तेव्हा कळलं.

निवड झाली तर जबाबदारी चालू राहते, हेही माहीत असू द्या. ग्रेड खाली आले किंवा सेवेचं काम थांबलं तर लेखी सूचना येते, आणि सुधारणा झाली नाही तर सभासदत्व काढता येतं, अर्थात मुलाचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. चॅप्टरला वर्गणी घेता येते, पण वर्षाला २० डॉलरपेक्षा जास्त नाही. घरी पोस्टानं कुठल्याशा सन्मान-संस्थेचं पत्र आलं आणि त्यात शंभर डॉलर मागितले असतील तर ते हे नव्हे, हे शाळेतूनच येतं. आणि नोकरीमुळे तुम्हाला दुसऱ्या राज्यात जावं लागलं तर जुन्या शाळेचं सभासदत्वाचं पत्र सोबत न्या. नव्या शाळेत चॅप्टर असेल तर ते तिला सभासद म्हणून घेतात, नव्या अटी पूर्ण करायला एक सत्र मिळतं.

आता हे दोन आठवडे. नवीन काही सुरू करायला लावू नका. शेवटच्या दहा दिवसांत जमवलेले तास फॉर्मवरच्या तारखांवरून लगेच ओळखू येतात. तासांची अट पुरी झालेली नसेल तर तसं ॲडव्हायझरला खरं सांगून पुढच्या फेरीची वाट बघणं बरं. पुरी झाली असेल तर या शनिवारी तिच्यासोबत बसा, फॉर्म बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात तिनं शाळेत काय काय सांभाळलं ते तिला आठवू द्या. तुम्ही लिहूही नका, सुचवूही नका, फक्त 'मग पुढे काय झालं' एवढंच विचारत राहा. रविवारी तिला त्यातल्या चार गोष्टी निवडू द्या, भागागणिक एक.

सह्या सोमवारपासून. दुपारच्या सुट्टीत ती रोज लायब्ररीत असते असं तुम्ही लिहिलंय, तर सुरुवात तिथूनच करा. लायब्रेरियनना ईमेल तुम्ही करू नका. फॉर्म आणि पेन घेऊन तिला एकटीला जाऊ द्या. काय बोलायचं असं विचारलं तर एवढंच सांगा, "मी इथे काय करते ते तुम्ही पाहिलंय, त्याबद्दल सही द्याल का?" हे एक वाक्य घरी दोनदा म्हणून बघायला हरकत नाही.